परराज्यातला अर्जदार

अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठ, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदानावर आणि राज्याच्या कायद्याखाली चालणारे विद्यापीठ, हे मुळात त्या राज्यातील करदात्यांचे असते. त्यामुळे दुसऱ्या राज्यातून अर्ज करणारा विद्यार्थी कितीही हुशार असला तरी त्याचा हिशोब सुरुवातीपासूनच वेगळ्या खात्यात मांडला जातो, ही गोष्ट बहुतेक कुटुंबांच्या ध्यानात येते ती अर्ज पाठवून झाल्यावर. १८६२ च्या मॉरिल कायद्यान्वये संघ सरकारने राज्यांना जमिनी दिल्या, त्या विकून आलेल्या पैशांतून शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या, आणि पर्ड्यू, बर्कली, अर्बाना-शँपेन यांसारख्या आज जगभर नावाजलेल्या विद्यापीठांची मुळे त्याच व्यवस्थेत आहेत. राज्यातील मुलामुलींना परवडेल अशा दरात विद्यापीठाने शिकवावे आणि त्या बदल्यात राज्याने संस्थेचा भार उचलावा, असा हा अलिखित करार होता. बाहेरचा विद्यार्थी त्या करारात कुठेच नव्हता; तो पुढे कशासाठी आत घेतला गेला हे समजल्याखेरीज त्याला प्रवेश मिळण्याची शक्यता किती, या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही.

महाराष्ट्रातील पालकांना अधिवासाची, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या डोमिसाईलची, कल्पना नवी नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात, हे ‘नीट’ची तयारी चाललेल्या घरांत सर्वांना पाठ असते. फरक असा की महाराष्ट्रात गुणवत्ता यादी लागते, कट-ऑफ जाहीर होतो आणि नंबर हुकला तर तो किती गुणांनी हुकला हे तरी कळते. अमेरिकेत मात्र ५० राज्यांचे ५० प्रकार आहेत, काही ठिकाणी मर्यादा कायद्यात आहे, काही ठिकाणी ती विद्यापीठाच्या नियामक मंडळाच्या ठरावात आहे, काही ठिकाणी ती कुठेच लिहिलेली नसून केवळ पाळली जाते, आणि नकाराच्या पत्रात कारण दिलेले नसते.

प्रस्तुत लेखिकेने न्यू जर्सीत राहून बरीच वर्षे शालेय विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन प्रवेशाबाबत मार्गदर्शन करण्याचे काम केले, आणि तिच्याकडे येणाऱ्यांत मराठी, गुजराती आणि तेलुगू घरे बहुसंख्य होती. पहिल्या भेटीत चहा पुढे येण्याआधीच जो प्रश्न येई तो ठरलेला असे: “ताई, मिशिगनचे चान्सेस किती?” मिशिगनच्या जागी कधी चॅपल हिल, कधी ऑस्टिन, कधी बर्कली असे, रटगर्सचे नाव मात्र क्वचितच निघे, कारण ते आपल्याच राज्याचे विद्यापीठ, आणि घरच्या विद्यापीठाला कमी लेखण्याची न्यू जर्सीची जुनी सवय आहे. शिक्षणासाठी बाहेरच्या राज्यांत मुले पाठवणाऱ्या राज्यांत न्यू जर्सी वर्षानुवर्षे आघाडीवर राहिले आहे, आणि त्यात मराठी घरांचाही आपापल्या परीने वाटा आहे.

या घरांपर्यंत माहिती पोचण्याचा मार्ग म्हणजे महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव, मराठी शाळेचा वाहनतळ आणि फोनवरचे गट. अमक्यांची मुलगी चॅपल हिलला लागली ही बातमी तिच्या एसएटी या प्रवेशपरीक्षेच्या गुणांसह आठवड्याभरात सर्वत्र होते, आणि मग तेवढेच गुण असलेल्या प्रत्येक घराला चॅपल हिल आवाक्यात आल्यासारखे वाटू लागते. अशाच एका बातमीसोबत जो तपशील कोणीच सांगितला नव्हता तो असा की ते कुटुंब तीन वर्षांपूर्वीच शार्लटला राहायला गेले होते आणि मुलगी नॉर्थ कॅरोलिनाची रहिवासी म्हणून अर्जदार होती. न्यू जर्सीत मागे राहिलेल्या तिच्या दोन मैत्रिणींचे गुण तिच्याहून सरस होते. त्या दोघींनाही नकार आला आणि दोन्ही घरांत ते वर्ष मुलींच्या निबंधांत काय कमी पडले याचा शोध घेण्यात गेले.

निबंधांत काहीही कमी पडले नव्हते. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या नियामक मंडळाने १९८६ पासून असा दंडक घातला आहे की चॅपल हिलच्या प्रथम वर्षात बाहेरच्या राज्यांतून आणि देशांतून येणाऱ्यांचे प्रमाण १८ टक्क्यांहून अधिक असू नये, आणि तो ओलांडल्यास विद्यापीठाला आर्थिक दंड सोसावा लागतो. जागा इतक्या थोड्या, आणि अर्ज मात्र देशभरातून. परिणामी अलीकडच्या वर्षांत राज्यातील अर्जदारांपैकी साधारण ४० टक्क्यांच्या आसपास मुलांना प्रवेश मिळतो, तर बाहेरच्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आगेमागे राहते. क्रमवाऱ्यांच्या पुस्तकांत आणि पालकांच्या तोंडी असतो तो ‘स्वीकृती दर’, म्हणजे एकूण अर्जांपैकी किती स्वीकारले गेले याचे प्रमाण, आणि तो या दोन आकड्यांची सरासरी असतो. एकाच खिडकीपुढे दोन रांगा असाव्यात, एक भरभर सरकणारी आणि दुसरी जवळजवळ थांबलेली, आणि पाटीवर मात्र दोहोंचा मिळून सरासरी वेळ लिहिलेला असावा, तसा हा प्रकार आहे. त्या पाटीवरून दोहोंपैकी कोणत्याही रांगेतल्या माणसाला स्वतःविषयी काहीच कळत नाही.

ही दुसरी रांग दिसावी यासाठी दोन साधने उपयोगी पडतात, आणि दोन्ही फुकट असूनही पैसे घेऊन ‘शक्यता’ सांगणाऱ्या सल्लागारांकडे जाणारी घरे ती उघडूनही पाहत नाहीत, याचे नवल वाटते. पहिले साधन म्हणजे ‘कॉमन डेटा सेट’, अर्थात बहुतेक विद्यापीठे ठरावीक नमुन्यात दरवर्षी प्रसिद्ध करतात ते माहितीपत्रक. त्याच्या ‘सी-७’ या तक्त्यात प्रवेशाचे निकष एकाखाली एक दिलेले असतात, अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी, श्रेणी, निबंध, शिफारसपत्रे, आणि खाली उतरत गेले की ‘राज्यातील अधिवास’ अशी एक ओळ येते. तिच्यासमोर ‘अत्यंत महत्त्वाचे’, ‘महत्त्वाचे’, ‘विचारात घेतले जाते’ आणि ‘विचारात घेतले जात नाही’ या चारपैकी एका रकान्यात खूण असते. विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेतील हिरवळीची छायाचित्रे पाहण्याआधी ही एक खूण पाहावी, असा आग्रह प्रस्तुत लेखिका पुढे पुढे धरू लागली.

दुसरे साधन विद्यार्थ्याच्या शाळेतच असते. अनेक अमेरिकन शाळा ‘नेव्हियन्स’सारखी प्रणाली वापरतात, जिच्यात त्या शाळेतून आजवर अमुक विद्यापीठात अर्ज केलेल्या मुलांच्या श्रेणी आणि परीक्षेचे गुण आलेखावर ठिपक्यांनी दाखवलेले असतात, हिरवा ठिपका प्रवेशाचा आणि लाल नकाराचा. न्यू जर्सीतील शाळेच्या आलेखावरचा चॅपल हिलचा प्रत्येक ठिपका हा व्याख्येनेच परराज्यातील अर्जदाराचा असतो, आणि म्हणून राष्ट्रीय सरासरीपेक्षा हा आलेख कितीतरी खरे बोलतो. अर्थात ठिपक्याला नाव नसते. कमी गुणांचा एखादा हिरवा ठिपका खाली अडकलेला दिसला की पालकांना उमेद येते, पण तो बहुधा पोहण्याच्या किंवा लॅक्रॉसच्या संघासाठी निवडलेल्या खेळाडूचा असतो आणि त्याचा मार्ग वेगळा असतो.

चॅपल हिलच्या उलट टोकाला मिशिगन आहे. ॲन आर्बरच्या विद्यापीठाला मिशिगनच्या राज्यघटनेने स्वायत्तता दिलेली असल्यामुळे विधिमंडळाने घातलेली अशी मर्यादा तिथे नाही, आणि पदवीपूर्व विद्यार्थ्यांत जवळपास निम्मे बाहेरचे आहेत. व्हर्मॉन्टसारख्या लहान राज्याच्या विद्यापीठात तर बाहेरच्यांचेच बहुमत असते, कारण राज्यात तेवढी मुलेच नाहीत. अलाबामा विद्यापीठाने गेल्या काही दशकांत परराज्यातील हुशार मुले ओढून आणण्याचे धोरणच आखले, श्रेणी आणि परीक्षेच्या गुणांवरून आपोआप मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांचे तक्ते जाहीर केले, आणि आज तिथेही राज्याबाहेरचे विद्यार्थी अर्ध्याहून अधिक आहेत. म्हणजे त्याच विद्यार्थ्याकडे तीच गुणपत्रिका असताना एक राज्य दार जेमतेम किलकिले करते, दुसरे निम्मे उघडते आणि तिसरे वर शिष्यवृत्तीही द्यायला तयार होते. विद्यार्थ्यात काही बदललेले नसते. यजमानाची गरज बदललेली असते.

ही गरज मुख्यतः पैशाची असते, आणि ती केव्हा कशी उत्पन्न झाली याचा इतिहास अलीकडचा आहे. २००८ च्या मंदीनंतर राज्यांनी विद्यापीठांचे अनुदान कापले, ती तूट भरून काढण्यासाठी विद्यापीठांनी दुप्पट-तिप्पट शुल्क देणाऱ्या बाहेरच्या विद्यार्थ्यांकडे मोर्चा वळवला, आणि काही वर्षांतच स्थानिक पालकांची ओरड सुरू झाली. कॅलिफोर्नियात तर २०१६ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी अहवालात ठपकाच ठेवला की कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या धोरणांमुळे राज्यातील विद्यार्थ्यांचे नुकसान झाले. त्यानंतर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने बाहेरच्या विद्यार्थ्यांवर मर्यादा घातली, बहुतेक संकुलांना १८ टक्के, आणि बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो व अर्व्हाइन या चार ठिकाणी त्या वेळी जे प्रमाण होते तेवढे. पुढे २०२१ मध्ये बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो येथील प्रमाणही टप्प्याटप्प्याने १८ टक्क्यांवर आणायचे आणि त्यातून बुडणारे शुल्क राज्याने भरून द्यायचे, असे ठरले. २०१४ मध्ये थोरल्या भावाला ज्या गुणांवर प्रवेश मिळाला त्याच गुणांवर धाकटीला का मिळाला नाही, असे विचारणाऱ्या घरांना द्यायचे उत्तर या ठरावांत असते; धाकटीच्या अभ्यासात ते शोधून सापडत नाही.

कॅलिफोर्नियाचे प्रकरण थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे, कारण परराज्यातील अर्जदाराची अडचण केवळ जागांच्या संख्येत नसून मोजपट्टीतही असते, हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. अमेरिकन शाळांत ‘जीपीए’, म्हणजे श्रेणींची सरासरी, दोन प्रकारे काढतात: साध्या पद्धतीत ‘ए’ला ४ आणि ‘बी’ला ३ गुण मिळतात, तर भारित पद्धतीत कठीण अभ्यासक्रमाला एक गुण वरचा मिळतो. कठीण अभ्यासक्रमही दोन जातींचे: एक ‘एपी’, म्हणजे महाविद्यालयीन पातळीचा आणि देशभर एकच परीक्षा असलेला, आणि दुसरा ‘ऑनर्स’, जो प्रत्येक शाळा आपापल्या मनाने ठरवते. एका विद्यार्थ्याची दहावी-अकरावीची गुणपत्रिका अशी होती की दहा मुख्य विषयांपैकी आठांत ‘ए’, दोनांत ‘बी’. दहापैकी सहा ऑनर्स, दोन एपी, दोन साधे. साधी सरासरी ३.८, आणि शाळा ऑनर्सलाही वरचा गुण देत असल्यामुळे भारित सरासरी ४.६. घरात तोच आकडा रुळला होता आणि मुलाच्या वडिलांनी तो संगणकावरच्या तक्त्यात ठळक अक्षरांत टाकून त्याभोवती बारा विद्यापीठांची यादी रचली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र बाहेरच्या राज्यातील शाळांचे ऑनर्स जमेस धरत नाही, केवळ एपी, आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) आणि महाविद्यालयीन दर्जाच्या अभ्यासक्रमांनाच वरचा गुण देते. त्या हिशोबाने याच मुलाची सरासरी ४.० भरली. पात्रतेची किमान रेषादेखील वेगळी आहे, राज्यातील मुलांसाठी ३.० आणि बाहेरच्यांसाठी ३.४, पण ती ओलांडणे म्हणजे प्रवेश नव्हे, केवळ अर्ज वाचला जाण्याची पात्रता. वडिलांनी आधी तक्ता चुकला असे म्हटले, मग नियम अन्यायाचा आहे असे म्हटले, आणि शेवटी यादीतून तीन नावे खोडली.

याच विद्यापीठाची दुसरी अट अधिक विचित्र वाटते, पण भारतीय घरांना ती हमखास आडवी येते. प्रवेशासाठी ‘ए ते जी’ या नावाने ओळखले जाणारे १५ वार्षिक अभ्यासक्रम पूर्ण असावे लागतात, त्यांपैकी ११ बारावी सुरू होण्यापूर्वी, आणि त्यांत एक वर्षभराचा चित्र, संगीत, नृत्य किंवा नाट्य यांपैकी एका कलेचा असतो. कॅलिफोर्नियातील शाळा आपले वेळापत्रकच त्याप्रमाणे आखतात. न्यू जर्सीतला विद्यार्थी मात्र एका सत्रात मातीकाम आणि दुसऱ्या सत्रात नाट्य असे शिकून मोकळा झालेला असतो, आणि दोन वेगळ्या कलांची अर्धी-अर्धी वर्षे जोडून एक पूर्ण वर्ष होत नाही. एका मुलीचे भरतनाट्यमचे अरंगेत्रम झाले होते, दहा वर्षांची तालीम तिच्या अंगात होती, आणि तरीही कागदोपत्री तिच्या नावावर कलेचे एकही वर्ष नव्हते, कारण ती तालीम शाळेच्या गुणपत्रिकेवर नव्हती. उपाय एकच होता: बारावीत वर्षभराचा चित्रकलेचा वर्ग. त्यासाठी तिला एपी पर्यावरणशास्त्र सोडावे लागले, आणि पहिल्या दिवशी नववीच्या मुलांमध्ये बसून पेन्सिलीने रंगछटांचे चौकोन भरताना तिची जी चिडचिड झाली ती समजण्यासारखीच होती. ही अट दहावीच्या वर्गात कोणी सांगितली असती तर काहीच बिघडले नसते. पण शाळेतील समुपदेशकाच्या हाताखाली शेकडो मुले असतात आणि त्याला स्वतःच्या राज्यातील विद्यापीठांच्या अटी ठाऊक असतात, तीन हजार मैलांवरच्या नव्हेत, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे बरोबर नाही.

परीक्षेच्या गुणांची तऱ्हाही अशीच आहे: कॅलिफोर्निया विद्यापीठ एसएटी पाहतच नाही, फ्लोरिडाच्या सार्वजनिक विद्यापीठांनी महासाथीतही ती सक्ती सोडली नाही, आणि ऑस्टिनने मध्ये सोडलेली अट २०२५ च्या प्रवेशापासून पुन्हा लागू केली.

राज्य बदलले की प्रश्न सुटतो, अशी एक समजूत स्थलांतरितांमध्ये बळकट आहे, आणि नोकरी बदलण्याची सोय असलेली घरे ती अमलातही आणतात. टेक्सासमध्ये १९९७ साली झालेल्या कायद्याने राज्यातील प्रत्येक शाळेच्या वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना सार्वजनिक विद्यापीठांत हमखास प्रवेश दिला. ऑस्टिनच्या विद्यापीठात या वाटेने इतकी गर्दी झाली की २००९ मध्ये कायदा बदलून, टेक्सासच्या रहिवाशांसाठी असलेल्या जागांपैकी तीन चतुर्थांश भरल्या की हमी थांबवण्याची मुभा त्याला देण्यात आली, आणि त्यामुळे तिथली रेषा पुढे सहा टक्क्यांवर आणि २०२६ च्या प्रवेशासाठी पाच टक्क्यांवर आली. बाहेरच्यांसाठी तिथे दहाव्या हिश्श्यापलीकडे जागा नसतात, हे कळल्यावर एक कुटुंब मुलगा अकरावीत असताना डॅलसच्या उपनगरात गेले. अधिवासासाठी लागणारे बारा महिने त्यांनी चोख भरले, मुलगा शुल्कापुरता टेक्सासचा झाला. पण नव्या शाळेने जुन्या शाळेच्या श्रेणी आपल्या पद्धतीने रूपांतरित केल्या, तेव्हा वर्गातील त्याचे स्थान वरच्या नऊ टक्क्यांत आले. नऊ म्हणजे सहा नव्हे. आता तो बाहेरच्यांच्या रांगेत नव्हता आणि ऑस्टिनच्या हमीच्या यादीतही नव्हता. राज्यातील उरलेल्या मुलांसाठी जी चौथाई शिल्लक राहते तिच्यात त्याची गणना झाली, आणि हव्या त्या शाखेला प्रवेश मिळाला नाही. त्या घराने पुढे जे निवडले ते डॅलसजवळचेच एक सार्वजनिक विद्यापीठ, राज्यांतर्गत शुल्कात, आणि स्थलांतराचा फायदा झाला तो असा, वेगळ्याच ठिकाणी.

शाखेचा मुद्दा मराठी घरांत वेगळा काढून सांगावा लागतो, कारण तिथे संगणकशास्त्राशिवाय दुसरा विषय चर्चेला येतोच असे नाही. सिॲटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ किंवा अर्बाना-शँपेन यांसारख्या ठिकाणी विद्यापीठात प्रवेश आणि संगणकशास्त्रात प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी पहिलीपेक्षा कैक पटींनी कठीण आहे, आणि आत शिरून मग शाखा बदलून घेऊ हा भारतात कधीकाळी चाललेला मार्ग तिथे जवळजवळ बंद आहे. परराज्यातील मुलाने संगणकशास्त्र मागणे म्हणजे दोन गाळण्यांतून एकापाठोपाठ जाणे. त्याऐवजी सांख्यिकी, भाषाविज्ञान किंवा गणित मागणारा तोच मुलगा आत गेलेला दिसतो. मात्र ही युक्ती म्हणून वापरणाऱ्यांचे पुढे फारसे बरे चालत नाही, कारण चार वर्षे तो विषय शिकावा लागतो.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात सांगायचे तर परराज्यातील अर्जदाराने ‘अर्ली ॲक्शन’ची, म्हणजे बंधन न घालता लवकर निर्णय देणाऱ्या फेरीची, तारीख हीच खरी अंतिम तारीख समजावी. चॅपल हिलची ही तारीख ऑक्टोबरच्या मध्यावर येते. जॉर्जिया टेकने तर पहिली फेरी केवळ जॉर्जियातील मुलांसाठी राखून बाहेरच्यांना दुसरी दिली आहे, आणि राज्याचे विद्यापीठ कोणासाठी आहे हे इतक्या सरळपणे सांगणारी व्यवस्था दुसरी सापडत नाही.

प्रवेश मिळणे आणि जाता येणे यांतले अंतर कळते ते मार्च-एप्रिलमध्ये, आणि त्या दिवसांत जेवणाच्या टेबलावर झालेले हिशोब प्रस्तुत लेखिकेला कोणत्याही निकालापेक्षा अधिक बोलके वाटले. एका घरी प्रवेशाच्या पत्रासोबत वर्षाला १५ हजार डॉलरची गुणवत्ता-शिष्यवृत्ती जाहीर झाली, पेढे वाटले गेले, पुण्याला फोन झाले. पत्राचे दुसरे पान कोणी उलटले नव्हते. त्यावरील आकड्यांप्रमाणे बाहेरच्या विद्यार्थ्याचे शुल्क स्थानिकापेक्षा २५ हजारांनी अधिक होते. म्हणजे शिष्यवृत्ती वजा जाताही स्थानिक मुलापेक्षा १० हजार जास्तच भरायचे होते, आणि तेही दरवर्षी सरासरी ३.५ च्या खाली न जाण्याच्या अटीवर, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात, जिथे ती टिकवणे अनेकांना जमत नाही. आईने मोबाइलवर चार वर्षांची बेरीज केली, मग धाकट्याची चार वर्षे मिळवली, आणि टेबलावर बराच वेळ कोणी बोलले नाही. अशी शिष्यवृत्ती हा सन्मान असतोच, परंतु तिचे खरे काम चढ्या किमतीवर सूट देऊन गिऱ्हाईक टिकवण्याचे असते, आणि हे स्पष्ट बोलणाऱ्या सल्लागाराला लोक नतद्रष्ट समजतात.

आकड्यांची कल्पना यावी म्हणून सांगायचे तर पर्ड्यूने २०१३ पासून शुल्कवाढ रोखून धरली आणि तिथे इंडियानाच्या विद्यार्थ्याला वर्षाला १० हजारांच्या आत तर बाहेरच्याला २९ हजारांच्या आत शुल्क पडत आले. मिशिगनला मात्र बाहेरच्यांचे नुसते शिक्षणशुल्क ६० हजारांच्या घरात गेले आहे आणि राहणे-जेवणे त्यावर वेगळे. कॅलिफोर्निया विद्यापीठ बाहेरच्यांकडून नेहमीच्या शुल्कावर ३० हजारांहून अधिक अधिभार घेते आणि गरजेवर आधारित मदत त्यांना आपल्या निधीतून देत नाही. सवलतीचे प्रादेशिक करार आहेत: पश्चिमेकडील राज्यांच्या देवाणघेवाण योजनेत राज्यांतर्गत दराच्या दीडपटीपर्यंतच शुल्क आकारले जाते, दक्षिणेकडे आपल्या राज्यात नसलेला एखादा विशिष्ट अभ्यासक्रम शेजारच्या राज्यात स्थानिक दराने शिकता येतो, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांच्यात परस्पर करार आहे. पण बर्कली आणि सिॲटल पश्चिमेकडील योजनेत नाहीत, आणि न्यू जर्सीच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही.

पहिले वर्ष बाहेरच्या दराने भरून दुसऱ्या वर्षापासून स्थानिक होता येईल, अशी आशा पुष्कळ जण मनात धरून असतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये व्लँडिस विरुद्ध क्लाइन या कनेक्टिकटच्या खटल्यात असे ठरवले की अर्ज करताना बाहेरचा असलेला विद्यार्थी शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच, असे राज्याने कायमचे गृहीत धरणे घटनाबाह्य आहे, त्याला आपला खरा अधिवास सिद्ध करण्याची संधी मिळाली पाहिजे. मात्र त्याच न्यायालयाने दोनच वर्षांपूर्वी मिनेसोटाचा एक वर्षाच्या वास्तव्याचा नियम उचलून धरला होता, आणि आजची व्यवहारातली स्थिती अशी की आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाचा अधिवास आईवडिलांच्या पत्त्यावरून ठरतो; भाड्याची पावती, मतदार नोंदणी आणि वाहन परवाना जमवून शिकायला आलेल्या मुलाचा अर्ज क्वचितच मान्य होतो.

भारतीय घरांपुरता यात आणखी एक पदर आहे, आणि तो वाढत चालला आहे. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांची मुले एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर वाढतात. अनेक राज्ये अशा मुलांना राज्यांतर्गत शुल्कासाठी रहिवासी मानतात, पण संघ सरकारची आर्थिक मदत त्यांना मिळत नाही, आणि वयाच्या २१ व्या वर्षी एच-४ संपतो. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की दोन वर्षांची असताना आलेली मुलगी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला पोचते तरी आईवडिलांचा नंबर लागलेला नसतो. तेव्हा तिला एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो, आणि काही ठिकाणी त्याच दिवसापासून तिचे खाते बदलते: ज्या गावात ती बालवाडीपासून शिकली तिथल्याच विद्यापीठात ती परदेशी विद्यार्थिनी ठरते आणि शुल्क त्याप्रमाणे आकारले जाते, काही ठिकाणी आधीचा दर्जा पदवी होईपर्यंत टिकतो. अशा घरांनी दुसऱ्या राज्याच्या विद्यापीठाचा विचार करताना प्रवेशाच्या शक्यतेआधी विचारायचे ते हेच, की मुलगी २१ वर्षांची झाल्यावर तिच्या शुल्काचे काय होणार. आणि आपल्याच राज्याच्या विद्यापीठालाही तोच प्रश्न विचारावा, कारण अनेकदा तिथले उत्तरच अधिक महत्त्वाचे ठरते. प्रवेश कार्यालयातील हसतमुख प्रतिनिधीला याचे उत्तर बहुधा ठाऊक नसते. ते रजिस्ट्रारच्या कार्यालयात अधिवासाचे अर्ज तपासणाऱ्या कर्मचाऱ्याकडे असते, त्याला ई-मेलने विचारावे लागते, आणि उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून तो ई-मेल बारावीच्या सप्टेंबरमध्ये गेलेला बरा.